फोटोसाठीची साडी

तीस मार्च. संस्थेचा अहवाल दुसऱ्या दिवशी देणगीदारांकडे जायचा होता, म्हणून मी खुर्सीपारच्या शिवणवर्गात फोटो काढत होते. रोज बसण्याआधी पदरानं मशीन पुसणारी एक बाई आज ठेवणीतली हिरवी साडी आणि स्वतः शिवलेला ब्लाउज घालून आली होती.

"रोजची साडी नेसून या, बाई. गरज दिसायला हवी," मी म्हटलं.

ती हसली. "सहा महिने शिकवून राहिल्या ना ताई तुमी? मंग मी होती तशीच हाय, असं सांगाचं हाय का त्यायले?"

तरी ती घरी जाऊन विटकी साडी नेसून आली. मशीन न पुसताच बसली. फोटो अगदी हवा तसा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फोटो अहवालातून काढून टाकला आणि कॅमेरा घेऊन तिच्या दारात गेले. म्हटलं, "हिरवी नेसा."