ओंडक्यातल्या माश्या

पळसदरीच्या त्या मावशीच्या माश्या माझ्यामुळे मेल्या, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझ्या आंब्यांच्या कुंपणापलीकडे तिचा भाजीचा मळा. नाव कधी विचारलं नाही. पडवीत टांगलेल्या पोकळ ओंडक्यात तिनं सातेरी जातीच्या मधमाश्या पाळल्या होत्या. उघड्या हातानं, हळू फुंकर घालत ती माश्या बाजूला सारायची आणि मधाची एकच पट्टी कापायची. बाकीचा मध त्यांचा. मला हसून म्हणायची, "भाऊ, तुमच्या आंब्याची सोयरीक माज्या माश्या जुळवतात. त्यांचा मानपान कदी केला नाय तुमी!"

तिचं मागणं एकच होतं. "मोहरावर औषद मारायचं तर सांजचं मारा. तवा त्या घरी असतात."

यंदा फवारणीवाला सकाळीच मोकळा होता आणि ती कर्जतच्या बाजाराला गेलेली. एका वेळेनं काय होतंय, म्हणून मी मारून घेतलं. दुपारी झाडांखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला. तो मीच झाडून जाळला. चार दिवसांत तिचा ओंडका ओस पडला.

परवा गेलो तर ती वेलाजवळ उकिडवी बसलेली. भोपळ्याचं नर फूल खुडून मादी फुलांना हलकेच टेकवत होती.

"कळ्या गळतात हो भाऊ," मान वर न करता ती म्हणाली. "माजंच कायतरी चुकलं असंल, म्हनून गेल्या सोडून."

मी म्हणालो, "ऊन फार आहे यंदा, मावशी."

रानातून नवं मोहोळ येईल असं वाटत नाही. आलं तरी, तिची चूक नव्हती हे सांगायचं देणं मी तिचं लागतोच.