कर्ण्यावरची हाक

मी तेव्हा कर्णे लावायचा धंदा करत होतो. उस्मानाबादेत वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती. लग्न असो, सभा असो, आवाज लांबवर न्यायचा म्हटलं की लोक माझ्याकडं यायचे. दोन कर्णे, एक माइक आणि आवाज वाढवणारी एकच मशीन, एवढाच माझा पसारा.

दर्ग्याच्या उरसात कर्णे माझेच असायचे. उरूस चांदाच्या हिशेबानं दरवर्षी थोडा मागं सरकतो. त्या वर्षी तो ऐन वैशाखात आला. अम्माला घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. अब्बा गेल्यापासून ती विसरत चालली होती, आधी चुलीवरचं दूध, मग घरातल्यांची नावं. म्हणून मी तिला सोबत नेलं आणि टेबलामागं ताडपत्रीच्या सावलीत सतरंजीवर बसवलं.

दुपारी कर्ण्याची तार सुटली म्हणून खांबावर चढलो. उतरून पाहतो तर सतरंजीवर कुणी नाही.

पाळण्यांपाशी पाहिलं, मिठाईच्या पालांत पाहिलं, बायकांच्या घोळक्यांत तोंडं न्याहाळत फिरलो. माळ तापून तवा झाला होता आणि तिच्या चपला सतरंजीपाशीच पडल्या होत्या. गावाबाहेरच्या रस्त्याला दोन उघड्या विहिरी होत्या. त्या आठवल्या. दोघा ओळखीच्यांना तिकडं पिटाळून मी माइक धरला.

"पांढरी साडी, उजव्या गालावर तीळ, पाय अनवाणी. अशा म्हाताऱ्या बाई कुणाला दिसल्या तर थांबवून ठेवा..."

आठ-दहा वेळा सांगितलं असेल. मग आवाज घोगरा झाला, चिरकला आणि बंदच पडला. मशीनला हात लावला तर चटका बसला. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं मेण वितळल्याचा वास येत होता. वीस मिनिटं थांबलो, परत लावली. चार वाक्यांत पुन्हा गप्प. वीस मिनिटं! तेवढ्यात म्हातारं माणूस उन्हात कुठल्या कुठं जाईल. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो आणि रडत होतो.

शेजारी फोटोवाल्याचं पाल होतं. ओले फोटो वाळवायला त्यानं विजेचा छोटा पंखा ठेवला होता. मी नुसता त्या पंख्याकडं पाहत राहिलो. तोच म्हणाला, "न्या की! इचारता काय?"

मशीनची लाकडी पेटी मागून बंद होती. करवतीचं पातं घेतलं आणि फळी कापायला बसलो. घाईत तळव्यात पातं घुसलं. उरूस कमिटीतले एक चाचा माझा खांदा धरून म्हणाले, "दमानं घे. मशीन जळाली तर हाक मारायलाबी काय उरणार न्हाय."

भोकाला पंखा तारेनं बांधला आणि बटण दाबलं. कर्ण्यातून नुसती घरघर! पंख्याची मोटर माइकचा आवाज उचलणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हला खेटून बसली होती. सगळं सोडलं, पलीकडच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरजवळ दुसरं भोक पाडलं आणि पंखा तिथं बांधला. दुपारची वीज मंद, पाती कशीबशी फिरत होती. तरी घरघर गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ट्रान्सफॉर्मरवर हात टिकायला लागला.

मग मी वर्णन सांगायचं सोडलं. घरच्या बोलीत हाका मारत सुटलो. "अम्मा, आजाव! मै इधर है, आजाव!" घसा बसला तरी थांबलो नाही. हजारो माणसं ऐकत होती, त्याचंही काही वाटेना.

उन्हं कलली तेव्हा एक शेतकरी बाई अम्माला बैलगाडीत घालून घेऊन आली. अम्माच्या तळपायांना फोड आले होते, ओठ फुटले होते.

बाई सांगत होती, "आमच्या शेतातल्या हिरीच्या काठाला बसल्या होत्या. मधीच उठल्या आन् इकडं चालाय लागल्या. म्या म्हणलं, कुठं निघालाव? तर म्हणल्या, मालक बोलवायलेत."

माझा आवाज अब्बांसारखा आहे, असं लोक म्हणायचे. मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मी तिला पाणी पाजलं. ती घोट घोट प्याली, मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "भला हो तुमारा, भैय्या. वो किधर हैं?"

मी माइक उचलला. विहिरींकडं गेलेली माणसं अजून गळ टाकून शोधत होती, त्यांना कळवायला हवं होतं. चाचांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि बाई सापडल्या म्हणून सांगितलं. मी अम्माचे पाय ओल्या फडक्यानं पुसत बसलो. ती मान उंच करून गर्दीत कुणाला तरी शोधत होती.