टाके कोणी घातले

ऑपरेशनआधी मी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती. डॉक्टर म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण. परळच्या एका हॉस्पिटलात ती दुर्बिणीतून गर्भाशयाची ऑपरेशनं करते. पथ्य, सुट्टी, जिने कधी चढायचे, सगळं तिने भराभर सांगितलं. पहिला प्रश्न मी मुद्दाम पुन्हा विचारला: आतले टाके कोण घालणार?

"मीच. आणखी कोण? शाळेत तुझ्या रुमालाची कड कोणी शिवली होती?"

खरं होतं. गिरगावात आम्ही समोरासमोरच्या चाळींत वाढलो. शिवणाच्या तासाला माझ्या दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि बाईंची पाठ वळली की ती माझा रुमाल ओढून घ्यायची. मी निर्धास्त झाले.

ऑपरेशन नीट झालं. पहिल्या तपासणीला पोटावरच्या पट्ट्या काढताना तिच्या हाताखालची तरुण डॉक्टर कौतुकाने सांगू लागली, की माझी केस त्या सगळ्यांनी वरच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहिली. बाहेरगावच्या सरांनी टाके घालायचं नवीन यंत्र दाखवलं. मूठ दाबली की सुई आपोआप एका जबड्यातून दुसऱ्यात जाते. आतली शिवण बघता बघता पुरी. मी विचारलं, मग मॅडम? त्या शेजारी उभ्या होत्या म्हणे.

घरी नवऱ्याला विचारलं. त्यांना ठाऊक होतं. मला आत नेल्यावर, टाके ते सर घालतील याला संमती म्हणून मैत्रिणीने त्यांच्याकडून सही घेतली होती. काढलेलं गर्भाशय दाखवायला त्यांना थिएटरच्या दाराशी बोलावलं तेव्हा आपल्याला कशी घेरी आली, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगितलं होतं. सहीचं कुणालाच नाही.

"तू घाबरली असतीस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. हातात डबा, पापलेटचं कालवण. मी विषय काढला तशी म्हणाली, हल्ली बोटं दुखतात, हे यंत्र शिकून घेणं भाग आहे, आणि असं शिकवणारा रोज येत नाही.

"टाके माझ्यापेक्षा सरळ पडलेत. कुठे काही बिघडलं का? आणि मी होते ना तिथे उभी."

"उभं राहायला नव्हतं सांगितलं तुला."

ती उठली. चहा न घेताच गेली.

काही बिघडलं नव्हतं, तिथेच माझी तक्रार अडते. यंत्राशी माझं भांडण नाही. विचारलं असतं तर तिच्या बोटांसाठी मी हो म्हटलंही असतं. पण त्या दोघांनी माझ्या पोटाचं परस्पर ठरवलं, आणि मी घरी येऊन सगळ्यांना सांगत होते, टाके हिने घातलेत.

कालवण चांगलं झालं होतं. डबा घासून, पुसून पिशवीत ठेवला आणि नवऱ्याला तिच्याकडे पोचवायला सांगितलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं.

"अगं, रिकामा कसा द्यायचा? चमचाभर साखर तरी घाल."

"तुम्ही घाला," मी म्हटलं. "सहीसुद्धा तुम्हीच केलीत."