बरं झाल्याची खबर

तोंडवलीची पार्वती कुबल सकाळी बाजारात बसून आणि मग डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ती एकटीच.

एक दिवस तिला लघवीतून रक्त गेलं. दुखलं-खुपलं काहीच नाही आणि दोन दिवसांत थांबलंही. तिने विषय सोडून दिला. महिन्याभराने पुन्हा लाल दिसलं, तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथे दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली. तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं.

"कॅन्सर आहे. पण वरच्या अस्तरातच आहे, स्नायूत उतरलेला नाही."

"म्हणजे मी जगतलंय?"

"या पायरीवर सापडलेले बहुतेक लोक चांगले जगतात. फक्त हा पुन्हा उगवतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. विडी ओढता?"

पार्वतीने मान खाली घातली. "थंडीत. किनाऱ्यार बसान."

"ती आजपासून बंद."

गावात तिने कुणालाच सांगितलं नाही. कॅन्सरवालीच्या हातचे मासे कोण घेणार, ही भीती होती. शिवाय दुखणं असं, की पुरुषांसमोर त्याचं नावही काढता येईना.

मग दर आठवड्याला एक, अशा सहा फेऱ्या झाल्या. क्षयाच्या लशीतलं औषध नळीने मूत्राशयात सोडायचं. ते दोन तास आत धरून ठेवायचं, मधूनमधून कूस बदलायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची सून हात देऊन वळवायची. पार्वती खाटेची कड धरून स्वतःच वळायची. परतीच्या गाडीत जळजळीने जीव कासावीस व्हायचा, अंगात कणकण भरायची. घरी आल्यावर पेज उकळून घ्यायलाही अंगात बळ नसायचं.

बाजारात तिच्या शेजारी बसणारी हौसाबाई विचारायची, "काल खंय गेल्लंस गो?"

"भाचयेकडे, आरोंद्याक."

"बरी भाची गावली तुका!"

तीन महिन्यांनी दुर्बीण घातली, मूत्राशय साफ होतं. पुढच्या खेपेला मसुराएवढा नवा कोंब दिसला. तो काढून पुन्हा औषध सुरू केलं. त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात बसून ती पोटभर रडली. येणारे-जाणारे बाजूने निघून गेले.

त्यानंतरच्या दोन्ही तपासण्या साफ आल्या. "छान आहे," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "आता घरी जाऊन सगळ्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी बाजारात बांगडे मांडताना पार्वतीचा हात थांबला. "हौसा, मी बरी झालंय गो."

"अगो, तुका झाला काय होता?"

पार्वतीने तोंड उघडलं. इतक्यात एक गिऱ्हाईक पुढे वाकलं आणि बांगड्यांचा भाव विचारू लागलं. तिने भाव सांगितला. गिऱ्हाईक गेलं तेव्हा हौसाबाई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलण्यात रंगली होती.