ओंजळीतली शफरी

लाखनीच्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे. ‘शफरी’ हा शब्द पाठात आला की फळ्यावर त्याचा ठरलेला अर्थ लिहीत असे: उथळ पाण्यातली क्षुद्र मासोळी. त्याचा उपयोगही दोनच प्रकारे सांगत असे. कवी चंचल डोळ्यांना तिची उपमा देतात, आणि थोडक्या विद्येवर फुशारणाऱ्या माणसालाही तिच्याच पंक्तीला बसवतात. मी स्वतः शाकाहारी. आठवडी बाजारातही मासळीच्या ओळीकडे माझे पाऊल वळत नसे. त्यामुळे शफरी पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, आणि त्यावाचून माझे काही अडलेही नव्हते.

मागच्या वैशाखात एक जुनी विद्यार्थिनी माझ्या एकोडीच्या घरी आली. ढिवर या मासेमार समाजातली, शाळा सुटल्यापासून गावच्या तलावावरच तिचे आयुष्य गेलेले. पडवीत टेकून तिने एका दमात सांगितले, “गुरुजी, एक अर्ज लिहून द्या जी. मच्छीमार संस्थावाले तलावात मोहाची ढेप टाकून राहिले. मोठ्या मासोळीचं बीज सोडाचं हाये, मनून बारीक सारी मारून टाकतेत. मोठी मासोळी मानसाइच्या जाळ्यातली. आमी बायका काठानं टोपलीनं बारीक धरतो, तेच इकतो. ते मेली तं आमी काय करावं?”

मोहाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, पाण्यात कालवली की मासे गुदमरून वर येतात, हे मला ठाऊक होते. अर्ज मी त्याच दुपारी लिहिला. भाषा शुद्ध व भारदस्त असावी म्हणून प्रारंभीच लिहिले, ‘सदर मत्स्य म्हणजे शफरी, अर्थात उथळ जलात वास करणारी क्षुद्र मासोळी, हिचे रक्षण व्हावे.’ तिने कागद न वाचताच डोक्याला लावला आणि नेला.

तीन दिवसांनी ती परत आली, ती पायरीवरच उभी राहिली.

“बसत नाई जी. सचिवानं तुमचा कागद सभेत मोठ्यानं वाचला. मने, गुरुजीच लिवते का क्षुद्र हाये, मंग ठेवाचं कायले? सारे हासले. आता सोमवारी ढेप टाकतेत.” मग म्हणाली, “तुमी पायली तरी हाये का ते मासोळी?”

मी पाहिली नव्हती. तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून मी तलावावर गेलो. पाणी आटून मध्यभागी गेले होते. चार बायका गुडघाभर पाण्यात टोपल्या ओढत होत्या. मला पाहून एक म्हणाली, “आता बामनबी मासोळी धराले आला का वं?” माझ्या विद्यार्थिनीने तिला दटावले आणि ओंजळीत पाणी घेऊन एक मासोळी माझ्यासमोर धरली. बोटाएवढी. पाठ हिरवट, कूस रुपेरी, शेपटीजवळ एक काळा ठिपका. “पानी भरलं का हे काठाच्या गवतात अंडे देते,” ती म्हणाली. “मनून उथळात येते. लहान हाये मनून नाई.”

तिच्या ओंजळीकडे पाहताना मला मत्स्यावताराची कथा आठवली. तर्पण करणाऱ्या राजाच्या ओंजळीत जी शरण आली, जिने मोठ्या माशांपासून अभय मागितले, ती शफरीच होती. दर वर्षी मत्स्यजयंतीला ही कथा मी भक्तिभावाने सांगतो. तरीही अर्जात माझ्या हातून ‘क्षुद्र’च लिहिले गेले.

घरी येऊन दुसरा अर्ज लिहिला. त्यात एकही संस्कृत शब्द घातला नाही; जे पाहिले आणि जे तिने सांगितले तेवढेच लिहिले. रविवारच्या सभेत तो मी स्वतः वाचला, आणि पहिल्या अर्जातला तो शब्द माझी चूक होती, हेही सांगितले.

सचिव हसून म्हणाला, “गुरुजी, तुमी मासोळी खात नाई, मंग तिची वकिली कायले करता?”

मागून माझ्या विद्यार्थिनीचा आवाज आला, “खात नाई मनूनच तं खरं सांगते! तुमी तं खाऊन मारता.”

या वेळी हशा सचिवावर झाला. वाद मात्र बराच वेळ चालला. अखेर ठरले की या वर्षी ढेप टाकायची नाही. मोठ्या पाण्यात जाळे ओढून जेवढी निघेल तेवढी बारीक मासोळी काढायची, आणि बायका टोपल्या ओढतात त्या पूर्वेच्या काठाला संस्थेने हात लावायचा नाही. पुढच्या वर्षाचे कुणी बोलले नाही. तिनेही विचारले नाही. टोपली उचलून ती पूर्वेच्या काठाकडे निघाली.

माझ्या जुन्या टिपणवहीत शफरीपुढचा ‘क्षुद्र’ मी खोडला आणि तिथे ‘काठाच्या गवतात अंडी देणारी’ असे लिहिले. ढेपेची पोती काही दिवस संस्थेच्या ओसरीत पडून होती. पुढे ती कुणाच्या तरी धानाच्या बांधीत खत म्हणून गेली.