चौसष्ट बिटांचे साडू

उभ्या सोलापूर जिल्ह्यात माझे साडू नसते, तर माझ्याइतका सुखी माणूस शोधून सापडला नसता. हे मला शुक्रवार पेठेतल्या स्वतःच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण तिथं त्यांची आरती चालते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. टेंभुर्णीला मोटारपंपांचं दुकान आहे, पण कुणाच्या कॉम्प्युटरचा पडदा बिघडला म्हटलं की पंप राहिले बाजूला, गडी मोटारसायकलवर हजर! सॉफ्टवेअर भरलेले सगळे पेन ड्राइव्ह शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत. बरणी उघडली की खोलीभर लसणाचा घमघमाट. आणि दारात पाऊल पडताच, "आदी प्रोसेसर कुटला ते सांगा, मग चा."

माझी लेक चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढते. तिला काही अडलं तर तिनं 'बाबा' म्हणून हाक मारावी, एवढंच माझं मागणं. पण नाही! "काकांना फोन लावा," म्हणायची, आणि तो फोनही मीच लावायचा. एकदा ईर्ष्येला पेटून मी स्वतःच तिच्या मशीनचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर, बदलायला घेतला. जुना निघाला, नवा बसेना, आणि पडदा असा काही ताणला गेला की चादरीवरच्या मोराचं बदक झालं. साडू आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव्हणं, मशीन चौसष्ट बिटाचं आन् तुमी ड्रायव्हर आणला बत्तीसचा. थ्री फेजच्या मोटारीला सिंगल फेजचा स्टार्टर लावता व्हय?" लेक खदाखदा हसली. घटकेत मोर ताठ उभा राहिला. त्या दिवशी बायकोनं त्यांना बासुंदी वाढली आणि मला ताक. जळणार नाही तर काय करणार माणूस?

यंदा लेकीनं नवा लॅपटॉप घेतला. मोठा मॉनिटर जोडला की चित्र लुकलुकायचं. साडू बरणी घेऊन आले. प्रोसेसर चौसष्ट बिटाचा एवढं ऐकून चौसष्टचा ड्रायव्हर घातला, बसेना. दुसरा घातला, तोही बसेना. बरणी रिकामी होत गेली आणि मला आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "काका, आहे चौसष्टच, पण प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. त्याचे ड्रायव्हर वेगळे असतात." तिनं कंपनीच्या साइटवरून योग्य तो उतरवला आणि चित्र स्थिर झालं.

"हे न्हवतं की आमच्या टायमाला," साडू म्हणाले, आणि खाली मान घालून एकेक पेन ड्राइव्ह परत भरायला लागले. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट बघितली तो हाच, आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना.

त्यानंतर लेकीनं काकांना फोन लावायला सांगितलं नाही. बाबांना तर कधी विचारलंच नव्हतं. बिघडलं की ती आपलीआपण दुरुस्त करते. घरात ज्याचा हेवा करावा असं माणूसच उरलं नाही. दिवस कसे अळणी चाललेत, काय सांगू!

परवा रविवारी मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरपुढं बसलो. आधी इंटरनेट तोडलं, न जाणो पडद्याचा ड्रायव्हर काढला तरी आपोआप परत बसायचा, आणि मग स्वतःच्या हातानं काढून टाकला. टेंभुर्णीला फोन लावला. "पडदा बिघडलाय. मला काही जमेना," म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघताना जीव गेला माझा.

पलीकडं बरणी खडखडली. मग, "कशाला हात लावू नका, पाव्हणं. निगालोच!"

मी बायकोला सांगितलं, "तुझे दाजी यायलेत." तिचा चेहरा असा काही फुलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि लई दिवसांनी बरं वाटलं.