करदोरा बापाचा, कंबर हसुरामची

लोकांच्या कमरा मोजायचं काम लागलं तेव्हा वाटलं, यात कसले आलेत किस्से? पण टेप दिसला की भलाभला माणूस थापा मारतो, मग किस्से साठणारच. आमची टीम तिघांची. डॉक्टर मॅडम, मी सिस्टर आणि गाडी चालवणारा नावड्याचा हसुराम दादा. बोलावतील तिथे आम्ही हेल्थ कॅम्प लावतो. दिवसभर माझं एकच पालुपद, "श्वास सोडा!" कारण टेप लागला की जो तो पोट आत ओढतो.

* * *

रबाळ्याच्या एका कारखान्यातले सुपरवायझर टेप लावूच देईनात. "चौतीस लिहा, सिस्टर. कॉलेजपासून चौतीसच!"

पँट खरंच चौतीसची होती. फक्त ती पोटाच्या खाली, जागा मिळेल तिथे बसली होती. मी बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावला. आकडा बघून ते म्हणाले, "हे कुणाचं माप घेतलंत?"

* * *

एपीएमसी मार्केटमधले कांद्याचे व्यापारी. जन्म वजनकाट्यावर गेलेला. आकडा ऐकून लगेच घासाघीस सुरू, "शर्ट, बनियन, खिशातला मोबाईल... बारदान वजा करा की!"

मॅडमनी शर्ट वर करून पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. शेठ पोटावर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे सगळा मालच आहे!"

* * *

बेलापूरच्या सोसायटीत परकार काका-काकी आले. काका काडीसारखे. काकीला चिडवतच आत शिरले. मॅडमची एक सोपी युक्ती आहे. तुमच्या उंचीएवढी दोरी घ्यायची, दुमडून निम्मी करायची आणि कमरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक. काकींची जुळली. हातपाय काड्यांसारखे, पण शर्टाखाली मडक्याएवढं पोट असलेल्या काकांची मात्र काही केल्या जुळेना.

"दोरी आटलेली दिसते," काका म्हणाले.

काकी म्हणाल्या, "आत्ताच रिळातून काढली ना! धुतली कधी?"

* * *

पोटावरची चरबी हृदयाला भारी पडते, शुगर वाढवते, हे मॅडम सगळ्यांना सांगतात. हसुराम दादाला सांगून मात्र थकल्या. त्याचा मोठा भाऊ पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकने गेला आणि दादाचं पोट स्टिअरिंगला टेकतं. मला त्याची खरंच काळजी वाटते. पण टेप काढला की तो शर्ट वर करून चांदीचा करदोरा दाखवतो.

"ह्यो माज्या बापाचा हाय! म्हातारा नव्वदीला गेला. त्याला बसायचा तसाच मना बसतो. कशाला टेन्शन?"



* * *

गेल्या महिन्यात कॅम्प नावड्यातच होता. दादाच्या घरासमोरच मांडव. दादाची बायको, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. मॅडमनी विषय काढला आणि दादाने अख्ख्या आळीसमोर करदोरा दाखवला. "बापाच्या मापाचा हाय!"

वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

"दर दिवालीला पॉलिशला सोनाराकडं नेतंय ना मी, तवा दोन कड्या वाढवून आनतंय. तुमाला रुतायचा. बापाचा हाय म्हनून तुमी काढूनबी ठेवला नसता."

दादा करदोऱ्यावरच्या नव्या कड्या बोटाने चाचपत राहिला.

वहिनी म्हणाल्या, "मोठे भावजी गेले, तवापासून तुमी झोपलाव की मी तुमचा श्वास ऐकत बसतंय."

दादा उठला, माझ्यासमोर आला. करदोरा काढून वहिनींच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर केले.

मी टेप गुंडाळला. "श्वास सोडा" म्हणायच्या आतच त्याने सोडला.